पिठी, आणि परत आलेलं गोणपाट

तुमची गाय खायची थांबली तर तुम्ही त्याच दिवशी डॉक्टरला बोलावता. मांजर खायचं थांबलं तर काय करता?

खरं उत्तर द्या. आमच्या घरचं मीच आधी देते. आम्ही म्हणालो, "पाल खाल्ली असेल, उद्या खाईल." रोह्यात आमच्या आळीत सगळे हेच म्हणतात. मांजराला नऊ जीव असतात म्हणे, मग त्यातला एखादा वाचवायची घाई कशाला करायची?

पिठी तेव्हा जेमतेम तीन महिन्यांची होती. रंग तांदळाच्या पिठीसारखा, म्हणून हे नाव. ती पेणजवळच्या हमरापूरहून आली होती, माझ्या मावशीकडून. मावशीचा तिथे गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हटलं की पेंढा, काथ्या, गोणपाटं, आणि त्यात उंदीर. म्हणून प्रत्येक कारखान्याला मांजर लागतं, आणि पिल्लं एका कारखान्यातून दुसऱ्यात जातात, लेकी जातात तशी. पिल्लाबरोबर त्याच्या अंथरुणातलं गोणपाट द्यायचं ही तिथली रीत. वास ओळखीचा राहिला की पिल्लू रडत नाही, माघारी पळत नाही. पिठी खोक्यात बसून आली आणि तिच्याखाली घडी घालून ते गोणपाट आलं. मी ते माझ्या टेबलाखाली पसरलं. पिठी त्यावर गोल झाली आणि लगेच झोपली. रीत किती शहाणी आहे असं मला वाटलं.

आठवडाही पुरा झाला नव्हता, आणि ती पाण्याच्या वाटीपाशी जाऊन बसली.

पाण्याची वाटी

हे दृश्य मी विसरू शकत नाही. वाटीच्या काठावर हनुवटी टेकलेली, नाक पाण्याला लागेल इतकं जवळ, पण पीत नव्हती. नुसती बघत होती, पाण्यात खोल काहीतरी दिसत असल्यासारखी. चैत्रातली दुपार होती. कौलाच्या काचेतून उन्हाचा एक तुकडा खाली उतरून वाटीत पडला होता आणि त्याचा कवडसा तिच्या तोंडावर हलत होता. मला वाटलं, किती शांत बसलीय. मी तिचा फोटोही काढला.

मग तिला पिवळी, फेसाळ उलटी झाली. उचलली तर अंग ओल्या फडक्यासारखं लोंबलं. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यातून एक पांढुरका पडदा अर्ध्यावर आला होता.

आई फिनेलची बाटली घेऊन आली. आमच्या घरात काहीही सांडलं की आई फिनेल आणते. "उलटी झाली म्हणजे पोट साफ झालं," ती म्हणाली. "सकाळपर्यंत टुणटुणीत होईल."

सकाळी पिठी त्याच वाटीपाशी होती, आता कुशीवर पडलेली. रोह्यातल्या गुरांच्या डॉक्टरांनी तिला हात लावला, पापणी उचलली, आणि सरळ सांगितलं, "हे माझं काम नाय. वेळ घालवू नका. पेणला रामवाडीत एक मॅडम आहेत, त्या कुत्र्यामांजरांचंही बघतात. आत्ताच निघा."

या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत. मला जमत नाही असं वेळेवर सांगणं हीसुद्धा एक सेवा आहे.

आडनाव काय?

गाडीत खोकं मांडीवर घेऊन बसले होते. समोरच्या काकांनी झाकण किलकिलं करून आत पाहिलं.

"काय हाय?"

"मांजर. आजारी आहे. पेणला दवाखान्यात नेतेय."

"मांजराला पेणला? आमच्या गुडघ्याला आमचा पोरगा अलिबागला न्यायला तयार नाय." सगळा डबा हसला. मग तेच काका खिडकीकडे सरकले आणि म्हणाले, "इकडं ये. तिकडं ऊन लागेल तिला."

निडीला गाडी थांबली. कुणी चढलं नाही, कुणी उतरलं नाही. फलाटापलीकडे वालाची काढणी झालेली शेतं पसरली होती, आणि त्यांच्यावर गरम हवा पाण्यासारखी हलत होती. खोक्यात श्वास चालू आहे की नाही ते बघायला मी बोट आत घालत होते. बोटाला अगदी बारीक वारा लागायचा. तेवढ्यावर नागोठणं गेलं, कासू गेलं, पेण आलं.

दवाखान्यात एक बकरी, दोन कुत्रे आणि त्यांची माणसं बाकावर बसली होती. डॉक्टरबाईंनी खोक्यात एकदा पाहिलं आणि मला बाकावर बसू दिलं नाही. मागच्या दाराने आत घेतलं.

"पेशंटचं नाव?"

"पिठी."

"आडनाव?"

"आमचंच लावा," मी म्हटलं.

"लावलं," त्या म्हणाल्या. तेवढ्यात त्यांची सुई टोचून झाली होती. आपल्याला बोलण्यात गुंतवलं होतं हे मला नंतर कळलं.

रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. त्यांनी माझ्याकडे बघून सावकाश सांगितलं, "हा मांजरांचा पार्वो आहे. विषाणूचा आजार. माणसाला होत नाही, घाबरू नका. पण मांजराच्या पिल्लाला फार वाईट. विषाणूला थेट मारणारं औषध माझ्याकडे नाही. मी सलाईन देईन, उलटी थांबवेन, पोटातून दुसरा जंतू रक्तात जाऊ नये म्हणून इंजेक्शन देईन. लढायचं तिचं तिलाच आहे. आपण फक्त तिला तोवर धरून ठेवायचं."

"वाचेल?"

"खोटं नाही बोलणार. लस न घेतलेली पिल्लं यात जास्त जातात, थोडी राहतात. पहिले काही दिवस गेले, तर आशा."

लस. हा शब्द मी मांजराच्या बाबतीत पहिल्यांदा ऐकत होते. आमच्या घरात लहानपणापासून पत्रकं वाचून मोठं व्हायची पद्धत. बाबा कंपनीत युनियनचं काम करायचे. अंधश्रद्धा, पाणी, पोलिओ, कामाचे तास, प्रत्येक विषयाचं पत्रक आमच्या फळीवर असायचं. मांजराचं एकही नव्हतं.

थेंब

तिला मागच्या खोलीत वेगळं ठेवलं. मी सकाळच्या गाडीने जायचे, संध्याकाळी परतायचे. दाराशी चपला काढायच्या, तिथल्या चपला घालायच्या, अंगावर तिथला डगला, हात धुवायचे, मग आत. बाहेर येताना तेच सगळं उलट. बाकावरच्या कुणाच्या मांजराला हात लावायचा नाही. या शिस्तीचा मला आधी राग आला. मग तिच्यातच मला आधार वाटायला लागला. भीती वाटली की हातांना काहीतरी धुवायला द्यावं.

पिठीचा पुढचा पाय माझ्या बोटाएवढा. त्यात सुई, सुईवर पट्टी, पट्टीतून नळी, आणि वर बाटलीतून थेंब सुटायचा. सुटायच्या आधी क्षणभर लांबोळा व्हायचा, त्यात खिडकी उलटी दिसायची, मग पडायचा. तो बघता बघता दुपार कुठे जायची कळत नसे. मी तिथे बसल्या बसल्या डुलकी घ्यायचे आणि डुलकीत मावशीचा कारखाना दिसायचा. ओळीने पांढऱ्या मूर्ती, अजून रंग न लागलेल्या, डोळे न आखलेल्या. त्यांच्या मधून पिठी चालतेय आणि तिच्या पावलांचा आवाज येत नाही. मी हाक मारली की त्या बिनडोळ्यांच्या मूर्ती माझ्याकडे वळायच्या, पिठी मात्र वळायची नाही. जागी व्हायचे तेव्हा थेंब पडत असायचा.

एकदा तिचं अंग गार पडलं. ताप उतरला म्हणून मला आनंद झाला. डॉक्टरबाईंचा चेहरा मात्र उतरला. हे उतरणं चांगलं नव्हे, असं त्या म्हणाल्या. गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून तिच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या. मी तिच्या कानाशी बोलत राहिले. काय बोलले ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. मी तिला घोषणा ऐकवल्या. बाबांच्या जुन्या, कंपनीच्या गेटसभेतल्या. मला दुसरी अंगाई येत नाही.

मावशी रस्त्यावर

डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, "तुमच्याकडे आधी मांजर होतं? जवळपास एखादं मेलं?" आमच्याकडे नव्हतं. "मग जिथून आणलं तिथे विचारा. हा विषाणू हट्टी आहे. मांजर गेलं तरी जमिनीत, कपड्यात, अंथरुणात महिनोन्‌महिने बसून राहतो. साबणाला, उन्हाला दाद देत नाही."

मी मावशीला फोन केला. हमरापूर जवळच, पण मी तिच्या कारखान्यात जाऊ शकत नव्हते. माझ्या कपड्यांवरून आजार गेला असता. मग तीच आली. दवाखान्यासमोर रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली, कोपरापर्यंत माती वाळलेली, आणि मी इकडे. मध्ये रिक्षा.

"मावशी, तुझ्याकडे कुठलं पिल्लू मेलं का?"

"नाय गो. तिची आई ठणठणीत हाय. भाऊ हाय, तो माझ्या डोक्यावर नाचतोय."

"बहीण होती ना एक?"

"ती शेजारच्या कारखान्यात दिली होती, सुगंधाकडं. पळाली ती. टिकली नाय."

"पळाली हे तुला कसं कळलं?"

"गोणपाट परत आलं ना." मी काय अडाण्यासारखं विचारतेय, अशा सुरात मावशी म्हणाली. "पिल्लू टिकलं नाय की गोणपाट देणाऱ्याला परत करायचं. दुसऱ्याचा वास घरात ठेवू नये. सुगंधानं धुऊन, वाळवून, घडी घालून दिलंन. चांगलं होतं, म्हणून तेच मी तुला…"

मधून एक ट्रक गेला. ट्रक गेल्यावर मावशी तशीच उभी होती, तोंड अर्धवट उघडं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तिथेच आली. सुगंधावहिनींना तिने विचारलं होतं. ते पिल्लू पळालं नव्हतं. पाण्याच्या घमेल्यापाशी बसून राहिलं, उलट्या केल्या, आणि सकाळी मूर्तींच्या फळीखाली ताठ झालेलं सापडलं. त्यांनी ते शेवग्याखाली पुरलं आणि सगळ्यांना सांगितलं, पळालं.

"खोटं का बोलल्या?" मी रस्त्याच्या अलीकडून ओरडले. रिक्षावाल्यांनी माना वळवल्या.

"हळू गो! मांजर मेलं असं म्हणू नये."

"का?"

"पाप लागतं. काशीला सोन्याचं मांजर वाहायला लागतं."

"मारलं तर! ते आजाराने मेलं."

"मेलेलं आणि मारलेलं, बघणाऱ्याला काय कळतंय? आणि कारखान्यात देव घडतात, तिथं मेलं म्हटल्यावर लोक काय म्हणतील?" मग ती थांबली. "मी पण असंच सांगितलं असतं, खरं सांगू तर."

नाव कुणाचं

त्या संध्याकाळी घरी मी पत्रक लिहायला बसले. खोटेपणाने पसरलेला आजार, असा मथळा. खाली कारखान्याचं नाव, सुगंधावहिनींचं नाव, सगळं. बाबांनी वाचलं आणि कागद उलटा ठेवला.

"नाव घालायचं ते ज्याच्या हातात सत्ता हाय त्याचं. घाबरलेल्या बाईचं नाय."

"तिच्यामुळे पिठी मरतेय, बाबा!"

"तिच्यामुळे नाय. तिच्या भीतीमुळे. भीतीवर लिही की. जमत नाय काय?"

मी जेवले नाही. आईशीही भांडण झालं, कारण मी तिला म्हटलं की फिनेलने हा विषाणू मरेल याचा भरवसा नाही, आणि मांजराला तर फिनेल विषच. पाण्यात मिसळून ब्लीच वापरायचं, नंतर फरशी धुऊन काढायची, असं डॉक्टरबाईंनी सांगितलंय. आईने हातातली फिनेलची बाटली खाली ठेवली. मग फार हळू म्हणाली, "म्हणजे मीच तिला विष पुसत होते काय रोज?"

या आजारात घरातला प्रत्येकजण एकेकदा गुन्हेगार ठरतो. जे कुणी यातून जात असतील त्यांना सांगते, हे वाटणं खोटं आहे, आणि तरी ते वाटतंच. आईला मी मिठी मारली नाही, आमच्याकडे तशी सवय नाही. मी बादली भरली, आईने खिडक्या उघडल्या, आणि दोघींनी मिळून सगळी जमीन पुसली. टेबलाखालचं गोणपाट बाबांनी चिमट्याने उचलून परसात जाळलं.

पंजा

एका सकाळी मी दवाखान्यात गेले तेव्हा पिठी नेहमीसारखी पडलेली होती. थेंब पडत होता. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती आपला मोकळा पंजा चाटत होती.

एवढंच. अगदी अशक्तपणे, दोनदा चाटून थांबायची, दम खायची, पुन्हा चाटायची. इतके दिवस तिच्या अंगावर वाळलेली उलटी, औषध, चिकटपट्टीचा गोंद, काय काय होतं, आणि तिला त्याचं काही नव्हतं. आता तिला आपण घाण आहोत असं वाटलं होतं. जगायला परत आलेल्या जिवाची पहिली तक्रार.

मी डॉक्टरबाईंना हाक मारली. त्यांनी पट्टी बदलायला पाय धरला, तर पिठीने दात दाखवून त्यांच्यावर फिस्स केलं. आवाज फुग्यातून हवा गेल्याएवढा.

"अरे वा," त्या म्हणाल्या, "आता रागावली. रागावली म्हणजे राहणार." आणि चष्मा काढून डगल्याला पुसत बसल्या, बराच वेळ.

संध्याकाळी तिने माझ्या बोटावरून उकडलेल्या कोंबडीचं बोटभर पाणी चाटलं. तिची जीभ खरखरीत लागली. गाडीत बसले तर शेतांवर धूर उतरला होता, पलीकडचे डोंगर निळे होत होत नाहीसे होत होते, आणि मी अख्ख्या वाटेत माझं ते बोट दुसऱ्या हाताने धरून बसले होते.

मेलं हो आमचं

पिठीला घरी न्यायच्या दिवशी दवाखान्याबाहेर मावशी उभी होती. तिच्या हातात नवं खोकं, त्यात पिठीचा भाऊ, खाली गोणपाट नाही, नुसते कागद. त्याला अजून काही झालं नव्हतं. डॉक्टरबाईंनी तिला आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं की खोकं बाकावर ठेवू नका, लस बाहेरच देऊ, आणि नंतरही त्याला काही आठवडे कुणाला देऊ नका.

मावशीच्या मागे आणखी एक बाई होती. पदर डोक्यावर, हाताला सोनेरी रंग लागलेला. या सुगंधावहिनी. माझ्या कागदावर ज्यांचं नाव होतं त्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. मला वाटलं होतं त्या वयस्कर असतील. माझ्याहून दोन-चार वर्षांनीच मोठ्या असतील.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. बाकावर माणसं होती, रस्त्यावर रिक्षावाले होते. सुगंधावहिनींनी पदर सावरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या. हळू बोललं तर धीर सुटेल, असं वाटल्यामुळे असेल.

"मॅडम, आमच्याकडचं पिल्लू पळालं नाय. मेलं. उलट्या होऊन मेलं. आणि ते गोणपाट मी दिलं. आमच्या लायनीत अजून दोन कारखान्यांत पिल्लं हायत. त्यांना काय सांगू ते मला सांगा."

आकाश पडलं नाही. बाकावरच्या एका आजोबांनी फक्त विचारलं, "कुठल्या लायनीत गो? आमच्या नातीनं पण तिकडूनच आणलंय." आणि डॉक्टरबाईंनी त्यांना जवळ बोलावलं.

मी खोकं घेऊन पायरीवर बसले. सुगंधावहिनी माझ्याजवळ आल्या. आत बघायला वाकल्या, मग माझ्याकडे बघून थांबल्या. मी खोकं त्यांच्याकडे वळवलं.

"किती सुकलीय," त्या म्हणाल्या.

"हो. पण खातेय."

म्हणून हे लिहिलं, आणि यात कुणाचं खरं नाव घातलेलं नाही. आता तुम्हाला एक काम सांगते. तुमच्याकडून किंवा तुमच्या ओळखीने कुणीतरी कधी पिल्लू नेलं असेल. त्या माणसाला आज फोन करा. तुमच्याकडे नंतर एखादं मांजर खायचं-प्यायचं थांबून, उलट्या होऊन गेलं असेल तर "पळालं" म्हणू नका, "गेलं कुठंतरी" म्हणू नका. मेलं म्हणा. कसं मेलं ते सांगा. आणि त्यांच्या पिल्लाला लस दिली का ते विचारा. नसेल दिली, तर फोन ठेवायच्या आधी दवाखान्यात कधी नेणार तो दिवस त्यांच्याकडून वदवून घ्या.